इथेनॉल इकडे, इथेनॉल तिकडे: एमजीबी आणि गुळाच्या बिअरच्या नोंदी

१ मार्च २०२५, शनिवार

गॅरेजचं दार उघडलं आणि नाकात पेट्रोल. थोडाफार वास नेहमीच असतो, माझी एमजीबी म्हणजे १९७२ ची ब्रिटिश गाडी, ती वास मारणारच, पण आजचा वास डोळ्यांत जाणारा होता. दार सताड उघडं ठेवून हवा खेळू दिली, तोवर आत जाऊन चहा घेतला. नंतर नुसतं इग्निशन ऑन केलं, स्टार्टर नाही मारला. या गाडीचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिक आहे, मागच्या चाकाजवळ बसवलेला, किल्ली फिरवली की टकटकटकटक सुरू होतं आणि पुढे कार्ब्युरेटरचे (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे, माझ्या गाडीत दोन आहेत) दोन्ही फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या वाट्या, भरल्या की गप्प. आज तो गप्प बसायचं नावच घेईना. म्हणजे पेट्रोल चेंबर भरून थांबत नाहीये, कुठेतरी बाहेर चाललंय. लगेच बंद केलं, मागच्या सीटखालच्या बॅटरीची वायर काढली (सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, तेव्हाच्या ब्रिटिश डोक्याला साष्टांग नमस्कार).

बॉनेट उघडून टॉर्च मारला तर दोन कार्ब्युरेटरच्या मधला वीतभर रबरी पाइप ओला. बोटाने वाकवला की वरच्या अंगाला बारीक बारीक भेगा उघडतात आणि त्यातून पेट्रोल पाझरतं. बोट काळं झालं, म्हणजे रबरच सुटायला लागलंय. दिसायला पाइप जुना नाही, त्यावरची छपाई अजून वाचता येते. मग असं का?

कारण टाकीत आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या गाड्यांचं रबर, सील, कॉर्क हे सगळं इथेनॉल हा शब्द पेट्रोल पंपावर नव्हता तेव्हाचं. इथेनॉल रबर आधी फुगवतं, मऊ करतं, मग गाडी महिनाभर उभी राहिली की ते वाळून तडकतं. वर ते हवेतलं पाणीही ओढून घेतं, पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि तिथे गंज सुरू. सुपर ग्रेडचं महागडं पेट्रोल अजून ई५ मिळतं, मी तेच टाकतो, पण आधीच्या मालकाने काय टाकलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

आर९ छापाचा पाव इंची पाइप मागवला. हा इथेनॉलला टिकणारा. त्यावर आर९ असं छापलेलं असतं, नसेल तर घेऊ नये, दुकानदार काहीही म्हणो.

२ मार्च

रात्री कोल्हापूरला काकांना फोटो पाठवला. काकांची उद्यमनगरात हयात गेली इंजिनं खोलण्यात, आता गॅरेज बंद आहे पण घरी १९८४ ची पेट्रोल अँबॅसिडर आहे, मार्क ४. उत्तर आलं ते व्हॉइस मेसेज: "अरं ते पायप सगळंच बदलून टाक की, एक बदलून काय करालास? आनि तुझं पाच टक्क्याचं काय रडं घिऊन बसलास, हितं वीस टक्के घालालेत."

खरंच की. तिकडे आता बहुतेक पंपांवर ई२० च येतंय. मी इथे पाच की दहा यावर डोकं फोडतोय आणि काकांच्या अँबॅसिडरला थेट वीस. बिअरच्या भाषेत सांगायचं तर माझ्या गाडीला मी घरी बनवतो त्या ताकदीची बिअर पाजतोय आणि काकांची अँबॅसिडर पोर्ट वाइनवर चाललीय.

आणि यातली मजा अशी की ते इथेनॉल येतं कुठनं? बरंचसं उसातनं. म्हणजे आमच्याच गावच्या बाजूचा ऊस कारखान्यात जातो, त्याची मळी डिस्टिलरीत जाते आणि तिथनं ते फिरून काकांच्या टाकीत. घरच्या उसानेच घरची गाडी खायला घेतलीय.

काकांना विचारलं, तुमच्या गाडीचे पाइप कधी बदललेत? "बघावं लागंल," म्हणाले. काकांच्या तोंडी बघावं लागंल म्हणजे १९८४.

८ मार्च

पाइप आले, सगळे बदलले. टाकीपासून पंप, पंपापासून पुढे, दोन कार्ब्युरेटरच्या मधला, सगळे. क्लॅम्पही नवे, जुने स्क्रूवाले क्लॅम्प पाइपात रुततात आणि तिथनंच पुढची भेग पडते. किल्ली फिरवली, टकटकटक, टक, टक... गप्प. हा गप्प ऐकायला फार गोड लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं दुकान होतं ते. सध्याच्या हेक्टरशी नाव सोडून काही संबंध नाही, तरी गावाकडनं "हेक्टर घेतलीस म्हणे" असे मेसेज येतात आणि मी हो म्हणून टाकतो, समजावत बसायला वेळ नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनली, माझ्या घरापासून सायकलने जाता येईल एवढं ते गाव. आणि इंजिन म्हणाल तर बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज, माझ्या गाडीत १७९८ सीसी. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन अँबॅसिडरमध्ये. गाडी घेतली तेव्हा काकांना बॉनेटखालचा फोटो पाठवला होता तर त्यांनी विचारलं, आपलंच इंजिन तिकडं कसं गेलं? उलटं आहे काका, ते इथनं तिकडे गेलं. अँबॅसिडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, ती ऑक्सफर्डच्या कौली भागात बनायची, तीही इथनं हाकेच्या अंतरावर.

म्हणून मी ही गाडी घेतली का? थोडंसं तसंच. दुसरी कुठलीही जुनी गाडी घेतली असती तर अडल्यावर फोन कुणाला करणार होतो.

१४ मार्च, रात्री

उद्या बिअर. आज फक्त पाणी.

इथलं पाणी चुनखडीचं, किटलीत पांढरे पापुद्रे धरतात. माल्टला हे पाणी तसंच दिलं तर चव तुरट, खरबरीत येते. ॲसिड घालून सोडवता येतं पण मी जुनी पद्धत वापरतो: आदल्या रात्री पाणी उकळायचं, झाकून ठेवायचं, सकाळी चुना तळाला बसलेला असतो, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. त्यात अर्धी कॅम्पडेन गोळी, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला. ते राहिलं तर बिअरला औषधाच्या कपाटाचा वास येतो. शेवटी चमचाभर जिप्सम, कारण बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम नैसर्गिकच भरपूर आणि इंग्लंडच्या पेल एल या कडू बिअरचा सगळा लौकिक त्या पाण्यावर उभा राहिलाय.

दुपारी कौली रोडवरच्या देशी दुकानातनं गूळ आणला. दोन प्रकारचे होते, एक पिवळाधमक आणि एक तपकिरी, ओबडधोबड. पिवळा उचललाच नाही. गुऱ्हाळावर बसलेल्या कुणालाही विचारा, गुळाचा मूळ रंग तो नव्हेच, हायड्रॉसची रासायनिक पावडर मारल्याशिवाय तसा पिवळा येत नाही. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, काहिलीत नीट आटवलेला गूळ असा मातकटच दिसतो आणि त्याला मागे किंचित खारट चव असते. मला तीच हवीय.

१५ मार्च, शनिवार: बिअरचा दिवस

स्वयंपाकघर माझ्या ताब्यात, बायको आणि पोरगी मैत्रिणीकडे गेल्या. एक नियम पहिल्या दिवसापासून पाळतो, बिअरचं काही गॅरेजमध्ये नेत नाही आणि गाडीचं काही घरात आणत नाही. पेट्रोलचा वास माल्टला, प्लास्टिकच्या डब्याला, सगळ्याला लागतो. शिवाय जिथे पेट्रोलची वाफ तिथे गरम एलिमेंट चालवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार.

२३ लिटरसाठी:
मॅरिस ऑटर माल्ट ४ किलो, क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, चॅलेंजर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळलेली फुलं) ३० ग्रॅम, गोल्डिंग्ज २५ ग्रॅम, इंग्लिश एल यीस्टचं एक पाकीट.

माल्ट म्हणजे काय हे दर वेळी कुणीतरी विचारतं. बाळाला नाचणीचं सत्त्व करतो तेव्हा नाचणीला मोड आणतो, वाळवतो, दळतो, तेच जवाच्या बाबतीत करायचं. मोड येताना दाण्यात जे एन्झाइम तयार होतात ते पिठाचं साखरेत रूपांतर करतात, फक्त त्यांना योग्य तापमान मिळालं पाहिजे. ६२ अंशांच्या आसपास ठेवलं तर साखर जास्त सुटी होते, बिअर कोरडी होते, ७० कडे नेलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते, बिअर जड लागते. मी ६६ धरलं. गूळ घालणार आहे, गूळ सगळाच यीस्ट खाऊन टाकणार, म्हणजे तो बिअर कोरडीच करणार, मग अंगाला थोडा भरणा माल्टनेच द्यायला हवा.

सव्वा तास मॅश, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवणं. मग बशीत चमचाभर काढून आयोडिनचा थेंब टाकला, काळानिळा झाला नाही, तपकिरीच राहिला, म्हणजे पीठ संपलं. हे शाळेत बटाट्यावर केलेलं सगळ्यांना आठवत असेल. वरनं गरम पाणी सोडून चोथा धुतला, बॉयलरमध्ये २७ लिटर जमा झालं.

उकळी येताना बॉयलरसमोरनं हलायचं नाही. फेस असा वर चढतो की एका क्षणात ओटा चिकट. फेस खाली बसला की चॅलेंजर हॉप्स, मग तासभर उकळणं. चॅलेंजर ही हॉप्सची जात इंग्लंडमधल्या वाय कॉलेजने १९७२ मध्ये बाहेर आणली, म्हणजे गाडीच्याच वयाची, हे मला पाकीट उघडताना कळलं नाही, नंतर वाचताना कळलं, पण आता दर वेळी तीच घेणार.

शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा एलिमेंट बंद करून गूळ घातला. बंद करून, कारण ढेपेचे तुकडे खाली एलिमेंटवर बसले की करपतात. चमच्याने ढवळत राहिलो आणि घरभर जो वास सुटला ना, तो गुऱ्हाळाचा वास होता, जानेवारीतला, काहिलीतनं काढल्या काढल्या पानावर घेतलेल्या गरम गुळाचा, खाली मागे माल्टचा आणि हॉप्सचा रानटी हिरवा. ऑक्सफर्डशायरच्या स्वयंपाकघरात असा वास आजवर कधी आला असेल असं वाटत नाही.

बिअरमध्ये साखर ही काही भेसळ नाही बरं का. जर्मन लोक नाक मुरडतात पण इंग्लंडात ब्रुअरींना साखर वापरायची मुभा १८४७ पासून. पुढे १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तयार बिअरवर लावला, ब्रुअरींना हवं ते धान्य, हवी ती साखर वापरायला मोकळं केलं आणि त्याच फटक्यात घरी बिअर बनवणाऱ्यांच्या मागे परवान्याचं लचांड लावलं. ते सुटलं थेट १९६३ ला. तेव्हापासून इथे घरी प्यायला हवी तेवढी बनवा, परवाना नाही, कर नाही, फक्त विकायची नाही आणि ऊर्ध्वपातन करायचं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुण्यातले दोघं-तिघं रेसिपी मागतायत. अरे बाबांनो, महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, तिथे प्यायलासुद्धा परवाना लागतो, घरी बनवणं तर सरळ गुन्हा. वाचा, वास घ्या, सोडून द्या.

तांब्याच्या कॉइलमधनं नळाचं पाणी फिरवून २० अंशांपर्यंत थंड केलं. हायड्रोमीटर (साखर किती विरघळलीय ते घनतेवरून दाखवणारी नळी) १.०४८. यीस्ट वर भुरभुरलं, डबा जिन्याखालच्या कपाटात.

चोथा उरतोच किलोंनी. थोडा वाळवून मिक्सरला बारीक केला, भाजणीत मूठभर घातला, थालीपीठ झकास झालं. मूठभरच, जास्त घातलं तर कोंडा दातांत बसतो. बाकी कंपोस्टला.

१६ मार्च

एअरलॉक (डब्यातला गॅस बाहेर सोडणारी, पाणी भरलेली नळी) बुडबुडायला लागला. बायको म्हणते रात्री पाण्याला उठलं की कपाटात कुणीतरी आहे असं वाटतं.

२२ मार्च

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यातली फट (गॅप) सेट करणं. इंजिन थंड असताना, प्लग काढून, चौथा गिअर टाकून गाडी हाताने थोडी थोडी ढकलायची म्हणजे इंजिन फिरतं. फोन रेडिएटरच्या वर टेकवून काकांना व्हिडिओ कॉलवर घेतलं, त्यांच्याकडे दुपारची झोप मोडून ते बसले होते.

पुस्तकात जे लांबलचक लिहिलंय ते काकांनी एका वाक्यात सांगितलं: "नऊची बेरीज करायची." आठ व्हॉल्व्ह आहेत, पुढनं मोजायचे. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला तेव्हा तिसरा, चौथा दाबला की पाचवा. दोघांची बेरीज नेहमी नऊ. इंग्लिश मॅन्युअलमध्येही हाच नियम आहे, पण काका मॅन्युअल वाचून शिकलेले नाहीत, त्यांच्या उस्तादाने सांगितलेलं, त्या उस्तादाला कुणी सांगितलं कोण जाणे.

गॅप १५ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, आत सरकवली की ते ना अडकलं पाहिजे ना मोकळं पळालं पाहिजे, ओढताना किंचित धरून ठेवल्याचं हाताला लागलं पाहिजे. काका स्क्रीनवरनं ते कसं ओळखतात देव जाणे. "ढिला हाय. अजून पाव पिरगाळ. हां. आता नट दाब, दाबताना स्क्रू फिरू देऊ नको, धर त्याला." नट घट्ट करताना स्क्रू हलतो आणि गॅप बदलतो, म्हणून घट्ट केल्यावर परत मोजायचं, हे मात्र पुस्तकात ठळक लिहायला हवं होतं.

एक्झॉस्टचे दोन जास्तच टाइट निघाले. ही मला काळजी आहे. जुन्या कास्ट आयर्न हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा मऊ, शिसेवालं पेट्रोल होतं तोवर शिसं त्यावर लेप धरायचं. इथे शिसेवालं पेट्रोल १९९९ च्या शेवटी बंद झालं. तेव्हापासून अशा हेडमध्ये व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, आणि रुतला की टॅपेटचा गॅप कमी होतो. आता गॅप वहीत लिहून ठेवलेत, उन्हाळ्यात परत मोजणार. कमी होत राहिले तर हेड खोलून कडक सीटा बसवाव्या लागतील, तो खर्च आत्ता डोक्यात आणायचा नाही.

काका शेवटी म्हणाले, चालू कर. केलं. डोळे मिटून ऐकत होते. "हां, आता बोलतंय."

३० मार्च, रविवार: पाडवा

घड्याळं आजच एक तास पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारायला उशीर झाला का वेळेत झाली यावर घरात वाद. श्रीखंड-पुरी, मग दुपारी बाटल्या भरणं.

हायड्रोमीटर १.०१०, चार दिवस हललेला नाही. १.०४८ वजा १.०१० गुणिले १३१ म्हणजे पाच टक्क्यांना टेकलेली. ई५ च झाली की.

बाटलीत फेस येण्यासाठी थोडी साखर परत द्यावी लागते, उरलेलं यीस्ट ती खातं आणि झाकण बंद असल्यामुळे गॅस आतच राहतो. २२ लिटरला मला १०० ग्रॅम पुरते, इंग्लिश बिअरला फार फसफस नको. साखर काढायला डबा उघडणार तेवढ्यात आईने कोल्हापूरहून पाठवलेल्या गाठीच्या माळा दिसल्या. गुढीला एकच घातली होती, पोरगी गाठी खात नाही, घरात कुणीच खात नाही खरं तर, वर्षानुवर्षं त्या डब्यात चिकट होऊन पडतात. पांढऱ्या होत्या, रंग नव्हता, साखरच ती. दोरा काढला, काट्यावर तोलल्या, पाण्यात उकळून विरघळवल्या आणि ओतल्या. आईला सांगितलं नाही. "गाठी संपल्या" एवढंच सांगितलं, ती खूश.

बाटल्या सगळ्या तपकिरी. पारदर्शक बाटलीत उजेड लागला की हॉप्समधले कडू घटक फुटतात आणि उग्र दर्प सुटतो.

५ एप्रिल

आज एसयू कार्ब्युरेटर. मला गाडीतली सगळ्यात आवडती वस्तू कोणती विचारलंत तर हीच.

बाकीच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटच जेट, आयडलला वेगळा, मेनला वेगळा, एक्सिलरेटर पंप वेगळा. एसयूमध्ये एक जेट, एक सुई. वर घुमटासारखं झाकण, आत पिस्टन, त्याला खाली निमुळती सुई, ती जेटमध्ये लोंबते. इंजिनाने हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो, सुई निमुळती असल्यामुळे जितकी वर तितकी फट मोठी, तितकं पेट्रोल जास्त. इंजिन स्वतःच आपल्याला हवं तेवढं वाढून घेतं. पिस्टनने धसमुसळेपणा करू नये म्हणून वरच्या नळीत थोडं ऑइल. बस्स, एवढंच.

दोन आहेत, म्हणून आधी दोघांना सारखं करायचं. त्यासाठी महागडं यंत्र मिळतं, मी बागेच्या पाइपचा हातभर तुकडा वापरतो, एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आतली हवा फुसफुसते. पुढच्याचा आवाज बारीक, मागच्याचा भरड, म्हणजे मागचा जास्त ओढतोय. स्क्रू थोडा सोडला, परत ऐकलं, परत पुढचा, परत मागचा, शेवटी दोन्हीकडे एकच सूर.

मग मिश्रण. जेटखालचा सहाकोनी नट, दोन्हीकडे वर टेकेपर्यंत नेऊन बारा कडा खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे, हे सुरुवातीचं माप. बाजूची छोटी पिन दाबली की पिस्टन केसभर उचलला जातो. इंजिन वेग पकडून तसंच पळत राहिलं तर पेट्रोल जास्त, धापा टाकून मरायला लागलं तर कमी, किंचित वाढून लगेच जागेवर आलं तर बरोबर. माझं दोन्हीकडे धापा टाकत होतं.

इथे परत इथेनॉल आडवं येतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ पट हवा लागते तर इथेनॉलला नऊपट. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो १९७२ च्या पेट्रोलच्या हिशेबाने मोजून देतो, म्हणजे इथेनॉल जितकं जास्त तितकं मिश्रण पातळ. नव्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतात, इथे सेन्सर म्हणजे मी. दीड कडा अजून खाली घेतलं, मग पिन दाबली, इंजिन किंचित उसळलं आणि बसलं. प्लग काढून पाहिले, विटकरी-तपकिरी.

हे सगळं काकांना लिहून पाठवलं, वीस टक्क्यांना तुमचा जेट कितीतरी खाली घ्यावा लागेल म्हणून. उत्तर: "घेतलाय की, गेल्या दिवाळीलाच. चढाला खोकत हुती." म्हणजे कारण न विचारता आजार ओळखून औषध देऊन मोकळे.

१३ एप्रिल

मागचा डावा दिवा मंद. या गाड्यांच्या विजेवर इथे खूप विनोद आहेत, पण माझं मत असं की कारखान्यातलं वायरिंग सरळ आणि शहाणं होतं: तपकिरी म्हणजे कायम करंट, पांढरी म्हणजे किल्लीनंतर, हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूजनंतर, काळी अर्थ. घोळ नंतरच्या पन्नास वर्षांत ज्याने त्याने घातलेला. डिकीच्या कार्पेटखाली निळी, पिवळी, एके ठिकाणी टेलिफोनची वायर निघाली. काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने लावलीय तिथला गंज खरवडला, दिवा लख्ख.

४० वर्षांवरच्या गाडीला इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, रस्ता करही नाही. तरी मी तपासून घेतोच. ब्रेकच्या पाइपाकडे खालनं बघायला माझ्याकडे लिफ्ट नाही.

१९ एप्रिल

ईस्टरची सुट्टी, पहिली बाटली. मित्र आले होते, नागपूरचा एक, बेळगावची एक जोडी.

रंग तांबूस, फेस बारीक, टिकणारा. पहिल्या घोटाला सगळे म्हणाले, गूळ कुठाय? गुळाची बिअर म्हटली की लोकांना गोड हवी असते. गोडी राहणारच नाही, ती तर यीस्टने खाल्ली, आणि गोडीशिवायचा गूळ म्हणजे काय असतं हे आपण कधी चाखलेलंच नसतं. ते शेवटी येतं, कडवटपणा ओसरला की जिभेच्या कडांना किंचित खारं, थोडं रमसारखं, थोडं जळक्या साखरेचं. बेळगावच्या वहिनींनी बरोबर ओळखलं: काकवीचा वास येतोय.

पुढच्या वेळी काकवीच घालणार. निम्मी उकळीत आणि निम्मी आंबणं मंदावल्यावर थेट डब्यात, म्हणजे उकळीत उडून जाणारा वास राहील.

नागपूरकराने चणे संपवले आणि अजून एक मागितली, तो अभिप्राय धरतो.

२७ एप्रिल, रविवार

ड्राइव्ह इट डे. १९०० मध्ये २३ एप्रिलला लंडनहून हजार मैलांच्या चाचणीला गाड्या निघाल्या होत्या, मोटारगाडी हा चालणारा प्रकार आहे हे लोकांना दाखवायला. त्याची आठवण म्हणून या सुमारास एका रविवारी देशभरातले लोक जुन्या गाड्या बाहेर काढतात.

आम्ही ॲबिंग्डनला गेलो, दुसरीकडे कुठे जाणार. मार्चम रोडच्या बाजूला एमजीचा कारखाना होता, आधी ते चामड्याचं काम करणाऱ्या कंपनीचं आवार, एमजी तिथे १९२९ ला आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडून कारखाना बंद. पाच लाखांवर एमजीबी इथनं गेल्या, त्यातल्या बऱ्याच अमेरिकेला.

आणि इथे माझे दोन्ही नाद एकाच गोष्टीत येतात. १९७९ ला कारखान्याला ॲबिंग्डनमध्ये ५० वर्षं झाली म्हणून गावच्याच मोरलँड ब्रुअरीने खास बिअर काढली, ओल्ड स्पेकल्ड हेन. नावात कोंबडी आहे म्हणून लोकांना कोंबडी वाटते, ती गाडी होती. कारखान्यातली इकडेतिकडे पळवायची एक जुनी एमजी, कापडी बॉडीची, रंगकामाच्या शेडबाहेर उभी राहून राहून तिच्यावर रंगाचे ठिपके पडलेले, कामगार तिला ठिपकेवाली म्हणायचे. पुढच्याच वर्षी कारखाना गेला. ब्रुअरी २००० मध्ये बंद झाली, तिच्या इमारतीत आता लोक राहतात. बिअर राहिली, पण ती बनते बरी सेंट एडमंड्सला, तिकडे पूर्वेला. मला याचं वाईट वाटतं हे बायकोला पटत नाही, "तू कुठला, ते कुठले" म्हणते. बरोबर आहे तिचं. पण उद्यमनगरातलं एखादं शेड बंद पडलेलं बघताना काकांचा चेहरा होतो तो मला माहीत आहे.

गाडी चालवायची होती म्हणून पबमध्ये लिंबूपाणी. पार्किंगमध्ये एक आजोबा बराच वेळ बॉनेटकडे बघत उभे होते, उघडून दाखवलं, त्यांनी वाकून फक्त पाइपावरचं आर९ वाचलं, मान हलवली आणि गेले.

येताना ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) एकदा लागला, नंतर नाही. गिअरबॉक्सवरचा स्विच असेल, बघू.

१० मे

आत्तेभाऊ सुट्टीला कोल्हापूरला गेला, त्याच्या बॅगेत पाइपाचं भेंडोळं दिलं होतं. काकांनी काल अँबॅसिडरचे जुने पाइप काढले आणि फोटो पाठवला: वर्तमानपत्रावर मांडलेले, एक मधोमध चिरलेला, आतून पोपडे सुटलेले. पेट्रोल पंपाचा डायफ्रामही बदलला, तो त्यांना तिथेच मिळाला. फिल्टरमध्ये काळा चुरा निघाला म्हणे, तो रबराचाच. टाकी उतरवून धुणार आहेत.

मी म्हटलं, गाडी जास्त दिवस उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत हवा आणि हवेतलं पाणी. पावसाळा तोंडावर आहे. "ते माहीत हाय," म्हणाले. मग थोडं थांबून: "पाच मीटर अजून मागव. शेजाऱ्याच्या पद्मिनीला पण घालायचंय, आनि त्याच्या मेव्हण्याकडं एक जीप हाय."

मागवला. काकवी पण मिळालीय, पुढच्या शनिवारी लावतो. ओव्हरड्राइव्हचा स्विच अजून उघडलेला नाही.